छपाईच्या रांगेतील बारावा कागद

रविवार, सायंकाळ. घरातील छपाईयंत्राचा शाळेच्या कामासाठी वापर, परिणामी यंत्रावर अवाजवी ताण. जबाबदार: घरातील शिक्षिका.

सोमवार, सकाळी नऊ. नालीवरील तुटलेल्या फरशीबाबतचे नगरपालिकेस लिहिलेले पत्र यंत्राकडे रवाना, यंत्र मूक. जबाबदार: यंत्र विकणारा दुकानदार.

मंगळवार, दिवसभर. यंत्र पाच वेळा बंद करून चालू केले, फरक शून्य. जबाबदार: यंत्र बनवणारी कंपनी आणि यंत्र बसवून देणारा नागपूरचा पुतण्या, संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या.

बुधवार, पहाट. विजेचा दाब कमी-जास्त झाल्याचा दाट संशय. जबाबदार: वीज विभाग.

हा हाताने लिहिलेला मसुदा मी बुधवारी सायंकाळी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, शिंप्याच्या दुकानासमोर, जेथे आम्ही सात-आठ निवृत्त माणसे दोन बाकांवर बसून नागपूरचे वर्तमानपत्र वाटून वाचतो, मोठ्याने वाचून दाखवला. वाचण्यापूर्वी, यादी संगणकावर उतरवतानाच, मी घरातील शिक्षिकेला पहिल्या स्थानावरून तिसऱ्या स्थानावर आणले होते, कारण घरच्या माणसाला पहिला क्रमांक देणे मला अप्रशस्त वाटले. या एका सौजन्याचे मला त्या सायंकाळी समाधानही वाटले होते. म्हणून ते येथे नोंदवून ठेवतो.

माझी सारी नोकरी न्यायालयात, न्यायाधीशांच्या खाली बसून प्रकरणे पुकारण्यात गेली. दाखल झालेला कागद क्रमानेच पुढे येतो, त्याला कोणी मधूनच उचलत नाही आणि कोणी फाडत नाही, हे मी तीस-पस्तीस वर्षे पाळले आणि इतरांना पाळायला लावले. निवृत्तीनंतर मुलाने संगणक आणि छपाईयंत्र घेऊन दिले, तेव्हा पुतण्या ते बसवायला आला. मी त्याला स्पष्ट सांगितले की माझा प्रत्येक कागद लीगल मापाचाच निघाला पाहिजे. सरकारी नस्त्या, म्हणजे फायली, त्याच मापाच्या असतात. त्यांत आखूड ए-फोर कागद लावला की तो आत सरकतो, दोन लांब कागदांच्या मध्ये दडतो, आणि वर्षभराने बाबू सांगतो की असा अर्ज आलाच नाही. मी असे दडलेले कागद स्वतः शोधून काढलेले आहेत.

"काका, पण मंग मशीन दुसऱ्या कागदावर छापनारच नाही," पुतण्या म्हणाला होता. "अडून बसन ते."

"अडू दे. चुकीच्या कागदावर छापण्यापेक्षा अडलेले बरे."

"पहा बरं. नंतर मले फोन करू नका."

त्याने ती सेटिंग केली. मी त्याला चहा पाजला आणि हे संभाषण विसरलो.

आता त्या आठवड्यात खरे काय पणाला लागले होते ते सांगतो. माझी सून मोहगावच्या पुढे एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगा नागपूरला नोकरीत, शनिवार-रविवार घरी. ती सकाळी साडेसातची बस धरते, सौसरला उतरून दुसरी बस पकडते, आणि सायंकाळी घरी येते तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी बहुधा जेवून पेंगत असते. त्या पावसाळ्यात पांढुर्ण्याच्या एका शाळेत एक जागा रिकामी झाली. बदलीचा अर्ज तिने मोबाइलवर भरला होता. परंतु सही केलेली छापील प्रत, कारणे मांडणाऱ्या अभ्यावेदनासह, शुक्रवारी पाचच्या आत सौसरच्या कार्यालयात पोचणे बंधनकारक होते. अभ्यावेदन मी लिहिले. ते करताना मला नोकरीतल्यासारखा हुरूप आला होता, हे कबूल करतो. परिच्छेद क्रमांकित केले, प्रत्येक कारणाला पुरावा जोडला, एकही वाक्य विनवणीचे ठेवले नाही. तिने वाचून एवढेच म्हटले, "मामाजी, यात माही पोरगी कुठं आहे?" मी सातव्या परिच्छेदाकडे बोट दाखवले. तिथे 'प्रार्थिनीचे अल्पवयीन अपत्य' असे होते.

परंतु यंत्र सोमवारपासून अडलेले. मी काय केले? जे आयुष्यभर केले तेच केले. तक्रारी लिहिल्या. सोमवारी दुपारी दुकानदाराला पत्र. मंगळवारी त्याला स्मरणपत्र, कंपनीला नोटीस, पुतण्याला खुलासा मागणारे पत्र. बुधवारी वीज विभाग, ती जबाबदारांची यादी, पुन्हा कंपनी, पुन्हा दुकानदार. गुरुवारी सकाळी पुतण्याला स्मरणपत्र. प्रत्येक पत्र लिहून झाले की छपाईची कळ दाबायची, यंत्र गुरगुरल्यासारखे करी आणि गप्प होई. मग मी खोलीत फेऱ्या मारायचो. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावले, दारापासून खिडकीपर्यंत दहा. एक पाऊल कुठे जाते ते मला त्या चार दिवसांत समजले नाही.

मंगळवारी दुपारी दुकानदाराला फोनही केला.

"काकाजी, बंद करून चालू करून पाहा ना जी."

"मी सकाळपासून तेच करून राहिलो."

"शाई आहे?"

"आहे."

"कागद आहे?"

"गच्च भरलेला आहे. मी स्वतः हात लावून पाहिला."

"मंग काहून अडते?"

"ते सांगण्यासाठीच तुम्ही दुकान उघडले आहे!" मी फोन ठेवला आणि ही वाक्ये तारखेनिशी लिहून काढली, तीही छपाईला पाठवली.

मंगळवारी रात्रीचे जेवण झाल्यावर सून संगणकापाशी येऊन उभी राहिली. तिने कोपऱ्यातील यंत्राच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, तशी पडद्यावर एक यादी उघडली. माझी सगळी पत्रे एकाखाली एक ओळीने उभी होती, नाव, पाने, वेळ, सारे व्यवस्थित. मला ती यादी पाहून बरे वाटले. कोर्टाच्या बाहेर लावलेल्या प्रकरणांच्या तक्त्यासारखी दिसत होती.

"मामाजी, हे पहिलंच अडलं आहे. याच्यामागं सगळे. हे काढून टाकू काय?"

"दाखल झालेला कागद काढता येत नाही."

"काढला तर मागचे निघतीन ना. मग पुन्हा टाकू."

"आज पहिला काढशील, उद्या कोणीही येऊन कोणताही काढेल. रांगेला अर्थ काय राहिला?"

"घरात छापनारे आपण दोघंच हावो, मामाजी."

स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली, "तू नको बोलू त्यायले. रिटायर झाले तरी टेबल सोडून नाही राहिले."

सून हसली, आणि रांगेला हात न लावता निघून गेली. दुसऱ्या दिवसाच्या शाळेच्या सरावपत्रिका तिने हाताने लिहिल्या. बावीस मुलांसाठी बावीस. मी ते पाहिले होते. पाहूनही बुधवारी शिंप्याच्या दुकानासमोर मी तिचे नाव तिसऱ्या क्रमांकावर वाचले.

बाकावरची मंडळी त्या दिवशी खूश होती. तिगाव स्टेशनावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "काकाजी, तुमच्या यादीत आमचा नंबर कधी लागते?" शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "सुनेचं नाव कोर्टात नाही न्यायचं, काकाजी. घरी जेवाले भेटनार नाही." सगळे हसले. मीही हसलो. तो हशा माझ्या मनात नंतर बरेच दिवस राहिला.

गुरुवारी सायंकाळी अभ्यावेदन आणि अर्ज तयार झाले. मी ते छपाईला पाठवले. यादीत त्यांचा क्रमांक बारावा. सून म्हणाली, "मी बसस्टँडवरच्या ऑनलाइनवाल्याकडून काढून आणतो. आत्ता उघडं आहे." मी नाही म्हणालो. माझी कारणे दोन होती. एक, दुसऱ्याच्या संगणकावर आपला खाजगी कागद उघडू नये. दोन, त्याच्याकडे फक्त आखूड कागद असतो, आणि मी एवढ्या काळजीने आखलेला समास कापला जाईल. तिसरे कारण मी सांगितले नाही. त्या ऑनलाइनवाल्याशी झेरॉक्सच्या काळ्या पट्ट्यांवरून माझे मागे कडाक्याचे झाले होते, आणि त्याच्या दारात माझ्या घरचे कोणी गेलेले मला नको होते.

"उद्या सकाळी सहापर्यंत काढून देतो," मी म्हणालो. "माझ्यावर सोड."

तिने सोडले. ही गोष्ट मला आजही टोचते. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मुलीला झोपवले आणि स्वतः झोपली.

शुक्रवारी पहाटे पाचला मी उठलो. यंत्र बंद केले, चालू केले. संगणक बंद केला, चालू केला. तार काढली, लावली. सहा वाजले. बारा कागद रांगेत जसेच्या तसे. बंद करून चालू केल्याने रांग पुसली जात नाही, ती यंत्र पुन्हा जागे होईपर्यंत वाट पाहते, हे मला तेव्हा उमगले, आणि या गोष्टीचा मला एरवी अभिमानच वाटला असता. सव्वासहाला सून अंघोळ करून आली, केस ओले, हातात रिकामी फाइल. घड्याळाकडे पाहिले.

तेवढ्यात पत्नी आली. शुक्रवार हा तिचा घरातील झाकणे धुण्याचा दिवस. आमच्या घरी टीव्हीला, फ्रिजला, मिक्सरला, सगळ्याला तिने स्वतः शिवलेली झालरीची झाकणे आहेत, धूळ बसू नये म्हणून. छपाईयंत्रालाही होते, त्याला कागद बाहेर येण्यापुरती समोरून फट ठेवलेली होती. तिने ते माझ्या डोळ्यांसमोर ओढून काढले आणि बादलीत टाकले.

यंत्राच्या उजव्या अंगाला बोटभर रुंद एक काच आहे. तिच्यावर एक ओळ लुकलुकत होती. लीगल कागद भरा, असे इंग्रजीत लिहिले होते. कदाचित सोमवारपासून. कदाचित सोमवारी नऊ वाजून पहिल्या मिनिटापासून.

"रविवारी मी माहे सरावाचे कागद काढाले तेवढ्यापुरतं माप बदललं अन् छोटा कागद लावला होता," सून हळूच म्हणाली. "तुम्हाले सांगितलं ना मामाजी, तुमचे लांबे कागद कपाटात ठेवले म्हनून. तुम्ही लिहून राहिले होते. तुम्ही 'हं' म्हनलं."

मला आठवले. मी 'हं' म्हणालो होतो.

कपाटातून लांब कागद काढले, भरले. यंत्र एकदम जिवंत झाले. आणि मग जे व्हायचे तेच झाले: रांगेने रांगेचे काम केले. पहिला निघाला नालीच्या फरशीचा अर्ज. मग दुकानदाराचे पत्र. मग स्मरणपत्र. मग कंपनीला नोटीस. एकेक पान सावकाश, खालून वर सरकत, माझ्या लेटरहेडसकट. पत्रांमधला राग पानागणिक वाढत गेलेला स्पष्ट दिसत होता. एकाही आरोपीला आजवर नोटीस बजावली गेली नव्हती. ती सगळी यंत्राच्या पोटात पडून होती, आणि माझ्या सुनेच्या अर्जाच्या वाटेत उभी होती. साडेसहा झाले. सहा पस्तीस.

सून पाने उचलून एका बाजूला रचत होती. आठवे पान उचलताना तिचा हात थांबला. तिने वाचले. पूर्ण वाचले. मी बाजूला उभा होतो आणि मीच लिहिलेले ते पान परत मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

मग ती संगणकापाशी बसली. मला न विचारता यादी उघडली, मधली तीन पत्रे निवडली आणि रद्द केली. बारावा कागद पुढे आला. अर्ज आणि अभ्यावेदन, चार पाने, समास अचूक. तिने सह्या केल्या, फाइलमध्ये घातले, चहा न घेता निघाली. जाताना ते आठवे पानही घडी करून फाइलमध्ये ठेवलेले मी पाहिले.

तो दिवस कसा गेला ते सांगणे अवघड आहे. पत्नीने पोह्यांची बशी समोर ठेवली, ती तशीच राहिली. मी बाकावर गेलो नाही. मनात एकच प्रश्न: ते पान तिने का नेले? घाईत ते अर्जालाच जोडले गेले तर? कार्यालयाच्या नस्तीत, लांब कागदांमध्ये तितकाच लांब, अर्जदार शिक्षिकेविरुद्ध तिच्याच सासऱ्याचा आरोप. माप बरोबर असल्याने तो दडणारही नव्हता. बारा वाजता मी पायात चप्पल घातली आणि सौसरची बस धरली.

बसमध्ये बसवत नव्हते. बोरगावजवळ रस्त्याचे काम चालू असल्याने बस पंधरा मिनिटे उभी राहिली, तेव्हा मी खाली उतरलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, एक जागा ठरवा ना जी." सौसरला कार्यालयाच्या आवारात कडुनिंबाखाली अडीच तास फेऱ्या मारल्या. पावणेचारला सून आली. मला पाहून दचकली.

"घरी काही झालं काय?"

"नाही. कागद तपासायला आलो."

तिने फाइल उघडून माझ्या हातात दिली. चार पाने नीट. आठवे पान वेगळ्या खणात. मी पाने मोजून फाइल परत दिली. खिडकीतल्या बाबूने अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली आणि अर्ज मागच्या ट्रेमध्ये टाकला. "लाइन में है, मॅडम," तो म्हणाला. चारला दहा मिनिटे कमी होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. बोरगाव मागे पडल्यावर तिने ते पान काढले.

"मामाजी, मी तिसऱ्या नंबरवर काहून?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालू लागलो.

"पहिल्या नंबरवर टाकायचं होतं. कागद तर मीच बदलला होता." ती हसत नव्हती. "हे कुठं वाचलं काय तुम्ही?"

"शिंप्याच्या दुकानासमोर. बुधवारी."

"किती जन होते?"

"सात. शिंप्यासकट आठ."

तिने पान माझ्या मांडीवर ठेवले. "मंग उत्तर बी तिथंच वाचा. तेवढ्याच लोकांसमोर. मले तुमची माफी नको. माह्या शाळेतल्या पोरांचे मायबाप त्या शिंप्याकडून कपडे शिवून घेतात."

रविवारी मी उत्तर वाचले. लेखी, एका पानाचे, परिच्छेद क्रमांकित. त्यात लिहिले की सदर यादीतील पाचही आरोपी निर्दोष असून सर्व विलंबास प्रस्तुत लेखक एकटा जबाबदार आहे; माप त्याने लादले, सूचना त्याने ऐकून न ऐकल्यासारखी केली, रांगेतील अडलेला कागद पाहण्यास दुसऱ्याला मज्जाव केला आणि यंत्राचे म्हणणे झाकून ठेवले. शेवटच्या मुद्द्यावर पत्नीचा आक्षेप होता, कारण झाकण तिचे होते. तो मी अमान्य केला. कोणी हसले नाही. तिगावचे गृहस्थ एवढेच म्हणाले, "हे चांगलं केलं." शिंप्याने मशीन थांबवले होते.

आता आमच्या झाकणाला पत्नीने उजव्या बाजूस चौकोनी खिडकी कापून तिला काठ शिवला आहे. रांगेतील कोणताही कागद पुढे घेण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार सुनेला आहे, मला विचारावे लागत नाही. मी लीगल माप सोडलेले नाही.

परंतु हे लिहिण्याचे कारण ते नाही. त्या शुक्रवारला आता काही महिने उलटले. मी सौसरच्या त्या खिडकीपाशी तीन वेळा गेलो, दोन पत्रे पाठवली, दोन्हींची पोच माझ्यापाशी आहे. प्रत्येक वेळी उत्तर तेच: लाइन में है. किती जण पुढे आहेत, असे विचारले तर बाबू ट्रेकडे पाहतो. पांढुर्ण्याची ती जागा अजून रिकामीच आहे, तेथील मुलांना दुसऱ्याच एका वर्गात बसवतात. माझी नात अजूनही आईची वाट पाहत पेंगते.

मी रांगेचा आदर करणारा माणूस आहे. पण आता मला ठाऊक आहे की चार दिवस न हललेली रांग ही रांग नसते; तिच्या तोंडाशी कोणता तरी एक कागद कशाची तरी वाट पाहत अडलेला असतो, आणि तो पाहण्यासाठी कोणीतरी झाकण उचलावे लागते. माझ्या घरात ते झाकण मी उचलू दिले नाही, आणि त्याचे उत्तर मी आठ माणसांसमोर उभे राहून दिले. म्हणून त्या कार्यालयाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे माझी मागणी आहे की त्यांनी खिडकीआड न राहता, त्याच कडुनिंबाखाली, जे शिक्षक आणि शिक्षिका तेथे अर्ज घेऊन उभे राहतात त्यांच्यासमोर, पहिला अर्ज कशासाठी अडला आहे आणि तो कोणी पाहिला आहे, याचे जाहीर उत्तर द्यावे.